दोन शिखरे आणि मधली सखल जागा

मोजमापे हाती असतात, त्यांच्यामागचे खरे मूल्य मात्र धुक्यात. ते गाठण्याची वाट संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२२ साली आखली: जे मूल्य धरल्यावर हातची मोजमापे मिळण्याचा संभव सर्वाधिक ठरतो, ते उचला. म्हणजे शिखर गाठा.

वाट सुरेख होती, पाया कच्चा. हॉटेलिंग, डूब अशा दिग्गजांनी तो भरायला घेतला, तडे राहिलेच. गणितज्ञ कोशीच्या नावाचे वितरण तर चकव्यासारखे. त्यातली टोकाची मोजमापे अशी उधळतात, की हजारांची सरासरी एकट्या मोजमापापेक्षा तसूभरही भरवशाची ठरत नाही. शिखर शोधण्याच्या फिशर यांच्या समीकरणाची उत्तरेही कधी एकाहून अधिक निघतात. १९४६ मध्ये स्वीडनच्या हारल्ड क्रामेर यांनी सिद्ध केले, की मोजमापे वाढत गेली की सत्याकडे सरकणारे उत्तर असतेच. पण ते एकच का? आणि ते शिखरच कशावरून?

कोल्हापुरात १९१९ साली जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार तेव्हा केंब्रिजमध्ये हॅरल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली संशोधन करत होते. १९४८ च्या निबंधात त्यांनी हे कोडे फोडले, आणि तेही कसे! पुरेशी मोजमापे असली, की सत्याच्या अगदी जवळची जमीन जवळजवळ खात्रीने शिखरासारखीच वाकते. आता समजा, तिथे सत्याकडे सरकणारी दोन शिखरे आहेत. जोतिबा आणि पन्हाळा म्हणा. मग मध्ये सखल जागा आलीच. ती दोहोंच्या मध्ये, म्हणजे तीही सत्याजवळ. पण तिथे तर खोलगटाला थाराच नाही! दुसरे शिखर पुसले गेले.

पुढे १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात त्यांनी संख्याशास्त्र विभाग उभारला, १९६० मध्ये केंब्रिजचे अ‍ॅडम्स पारितोषिक मिळवले, १९७४ मध्ये पद्मभूषण आले.

खरे शिखर एकच, हे कळले. पण धुक्यात ते ओळखायचे कसे? इथे मदतीला येतो सीईटीच्या निकालामुळे घराघरांत पोचलेला पर्सेंटाइल, म्हणजे शततमक. मोजमापे चढत्या क्रमाने रांगेत उभी करा आणि मधले निवडा: पन्नासावा शततमक, म्हणजेच मध्यक. टोकाचा आकडा दहापट फुगला तरी रांगेतली त्याची जागा तीच, म्हणून कोशीच्या धुक्यातही मध्यक सत्याजवळच राहतो. तिथे उभे राहायचे आणि सर्वांत जवळचे शिखर चढायचे.