बनेश्वरच्या घंटेचं माहेर
शनिवारी पहाटे बाइक काढायची. कात्रज, खेड-शिवापूर, चेलाडी फाट्याला उजवीकडे वळायचं, नसरापुरात गरमागरम मिसळ हाणायची आणि थेट राजगड! पुण्यातल्या निम्म्या ऑफिसांचा हा ठरलेला वीकेंड. वाटेत वेळ उरलाच तर बनेश्वर. झाडी, धबधबा, महादेवाला नमस्कार, दोन-चार फोटो, की चला पुढे...

पुढच्या खेपेला जरा थांबा. देवळातली मोठी घंटा नीट निरखून बघा. तिच्यावर चक्क क्रॉस आहे, आणि साल कोरलंय 1683!

महादेवाच्या देवळात क्रॉस? बरं, हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधलं 1749 मध्ये. म्हणजे घंटा देवळापेक्षा तब्बल 66 वर्षांनी थोरली. मग ही आली कुठून? तिचं माहेर वसई. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलुखातल्या देवळांना मिळाल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. वाईजवळ मेणवलीला, जिथे 2004 च्या ‘स्वदेस’चं शूटिंग झालं, तिथल्या घाटावरच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे.

मुंबईची मालकीण

वसई म्हटलं की आज डोळ्यांसमोर येते ती विरार फास्ट आणि दाराला लटकलेली गर्दी. पण एके काळी मुंबईच वसईच्या हाताखाली होती, हे सांगितलं तर लोकलमधलं कोणी विश्वास ठेवणार नाही.

शेजारचं सोपारा तर त्याहून जुनं. अशोकाचे शिलालेख इथे सापडले आणि 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला बौद्ध स्तूप उकरून काढला. रोमन जगाशी व्यापार करणारं हे बंदर म्हणजे आपलं रोजचं नालासोपारा!

1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली. पुढची 205 वर्षं वसई ही त्यांच्या उत्तरेकडच्या मुलुखाची राजधानी होती. लाकूड होतं, खाडी होती, त्यामुळे इथे जहाजं बांधली जात. इथला दगड जहाजांतून गोव्याला जाई आणि तिथल्या चर्चच्या दर्शनी भिंतींत बसे. 1661 मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं आणि मुंबई हुंड्यात गेली. पुढे हुंड्यातली मुंबई मोठी झाली आणि मालकीण वसई तिचं उपनगर होऊन बसली.

याच वसईत 1557 च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. व्यापारासाठी जपान गाठलं, मनिलामध्ये फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रूसावर हुतात्मा झाला. 1862 मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत!

मलाक्काला जमलं, मग आपल्याला?

हल्ली सिंगापूर-मलेशियाच्या पॅकेज टूरमध्ये मलाक्का असतंच. वसईची ही चुलत बहीणच म्हणा ना. 1511 मध्ये ती पोर्तुगीजांनी घेतली, 1641 मध्ये डचांनी, नंतर इंग्रज आले. तिथल्या जुन्या पेठेत एकाच रस्त्यावर गणपतीचं देऊळ, मशीद आणि चिनी मंदिर आहे. पोर्तुगीज वंशाची वस्ती आजही क्रिस्तांग ही मिश्र बोली बोलते. 2008 मध्ये मलाक्का आणि जॉर्जटाउन युनेस्कोच्या यादीत गेले.

आपण तिथे तिकीट काढून हे सगळं बघतो, ‘काय कल्चर आहे यार’ म्हणतो. वसईत तेच आहे, फक्त पाटी नाही. इथला डिमेलो घरात मराठी बोलतो. सामवेदी ख्रिस्ती कादोडी बोलतात, आणि सामवेदी ब्राह्मणांच्या घरातही तीच बोली. निर्मळला शंकराचार्यांच्या समाधीचं मंदिर आहे आणि त्याच गावात चर्चही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. 2020 मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

हा सगळा इतिहास गोडगोड नाही. पोर्तुगीजांनी इथली देवळं पाडली, धर्मांतरं घडवली. 1683 मध्ये ही घंटा ओतली गेली, त्याच वर्षी संभाजी महाराज पोर्तुगीजांशी लढत होते. आणि बनेश्वरची घंटा ही लढाईतली लूट आहे, हेही खरं. पण 1739 नंतर किल्ल्यातलं गोऱ्यांचं शहर उठलं, वाड्यांमधली ख्रिस्ती कुटुंबं मात्र तिथेच राहिली. शेती केली, केळी पिकवली, मोगरा मुंबईला पाठवला. बंदराची श्रीमंती म्हणतात ती हीच.

आणि धोक्यात आहे तीही हीच. किल्ल्याची काळजी पुरातत्त्व खातं घेतं. विहिरी आणि वाड्या वाचवायला मात्र लोकांनाच उभं राहावं लागलं. फादर दिब्रिटोंची ‘हरित वसई’ चळवळ त्यासाठीच होती. 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली तेव्हा गावांनी तीत जायला कडाडून विरोध केला, तोही याच भीतीपोटी. वाडी विकून टॉवर उभा राहिला की केळीबरोबर बोलीही जाते. शेजारी बदलले की कादोडी बोलायची कोणाशी?

2025 मध्ये राजगड जागतिक वारसा झाला, आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले. छानच झालं. आता एक वीकेंड वसईला द्या. वसई रोड स्टेशनला उतरा, किल्ल्यात सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याखाली उभे राहा, नागेश्वराचं दर्शन घ्या. बाजारात सुकेळी मिळाली तर सोडू नका, आणि विकणाऱ्या मावशींशी दोन शब्द बोला. त्यांची मराठी ऐकण्यासारखी असते.

तोवर नसरापूर आहेच. मिसळीच्या आधी पाच मिनिटं बनेश्वरला थांबा आणि घंटेवरचं साल शोधा. सोबतच्या मंडळींपैकी कोणालाच ते ठाऊक नसेल, पैज!