नरक्याच्या सालीत औषध आहे, काढ्यात नाही

सह्याद्रीच्या जंगलात, सिंधुदुर्गापासून कोल्हापूर-साताऱ्यापर्यंत, नरक्या नावाचे एक लहानसे झाड आढळते. फुलांना घाण वास येतो म्हणून हे नाव. गेल्या काही दशकांत या झाडावर चोरटी कुऱ्हाड पडत आली आहे. कारण त्याच्या खोडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते व त्यापासून कर्करोगावरची औषधे तयार होतात. एवढे कानावर आले, की रुग्णाचे नातेवाईक विचारतात, ‘मग सालीचा काढाच दिला तर काय बिघडले?’

याचे उत्तर कॅम्प्टोथेसिनच्याच इतिहासात सापडते. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून ते वेगळे केले. यातील वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात मिळाले.

प्राण्यांवरील प्रयोगांत गुण उत्तम दिसला होता. अडचण एकच, द्रव्य पाण्यात विरघळेना. म्हणून त्याचा सोडियम क्षार करून तो रुग्णांना शिरेतून देण्यात आला. ट्यूमरवर परिणाम बेताचाच झाला. उलट रुग्णांच्या रक्तपेशी घटल्या, जुलाब झाले, काहींच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. १९७०च्या दशकातच या चाचण्या थांबवाव्या लागल्या.

असे का झाले, हे नंतर उलगडले. कॅम्प्टोथेसिनच्या रेणूत एक कडे असते. ते बंद असेल तरच औषध काम करते. क्षार करताना हे कडे उघडले गेले, त्यामुळे रक्तात औषध बव्हंशी निष्क्रिय राहिले. आम्लधर्मी लघवीत मात्र कडे पुन्हा मिटले आणि जागे झालेल्या औषधाने मूत्राशयाचे अस्तर सोलून काढले. रेणू तोच, पण गाठीपाशी निकामी आणि मूत्राशयात विषारी!

ते पेशी कसे मारते, हे १९८५ मध्ये कळले. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची पिळदार दोरी उलगडावी लागते. त्यासाठी टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर दोरीचा एक पदर कापते, पीळ सोडवते आणि पदर पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी अडकून बसते आणि जोडणी होऊ देत नाही. भराभर वाढणारी पेशी त्यामुळे मरते. पण अस्थिमज्जेतल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या निरोगी पेशीही भराभरच वाढतात, त्यांनाही तो फटका बसतो.

हे समजल्यावर रसायनतज्ज्ञांनी रेणूत बदल केले. त्यातून आतड्याच्या कर्करोगासाठी इरिनोटेकान, तर बीजाशयाच्या व फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी टोपोटेकान आले. अमेरिकेत दोन्हींना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे झाडापासून सलाईनच्या बाटलीपर्यंतचा प्रवास तीस वर्षांचा.

आजही हे औषध देताना रुग्णाची उंची आणि वजन यांवरून मात्रा ठरते. प्रत्येक वेळी आधी पांढऱ्या पेशी मोजल्या जातात, कमी असतील तर डोस पुढे ढकलतात. काढ्यात यातले काय सांभाळणार? एका झाडात द्रव्य जास्त, दुसऱ्यात कमी. मुळात एक प्रमाण, पानात दुसरे. आणि ते पाण्यात विरघळत नाही, ही मूळ अडचण घरच्या पातेल्यातही तशीच राहते.

केमोथेरपी चालू असताना ‘सोबत’ म्हणून घेतलेली वनस्पतीही निरुपद्रवी असेलच असे नाही. युरोपात नैराश्यावर सर्रास घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती इरिनोटेकानसोबत दिली, तेव्हा रुग्णांच्या रक्तातील औषधाचे सक्रिय रूप सुमारे ४० टक्क्यांनी घटले. चूर्ण, काढा, गोळ्या, जे काही चालू असेल ते पुढच्या तपासणीला पिशवीत घालून न्यावे आणि डॉक्टरांसमोर ठेवावे. रागावतील म्हणून लपवू नये.