गाळाने भरलं ते बरं झालं

नाशिकहून शिर्डीला जाणाऱ्या गाड्या सहसा सिन्नरवरून जातात. थोडी वाकडी वाट करून निफाड तालुक्यात शिरलं, की ऊस, कांदा आणि द्राक्षबागांच्या मधोमध नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य लागतं. हाताशी तासभर असला तरी पुरतो. मात्र जायचं ते हिवाळ्यात आणि सकाळी लवकर. निफाडचा पारा दर थंडीत पेपरात का झळकतो, ते चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्याकडे चालताना कानांच्या पाळ्यांना आपोआप कळतं.

एरवी नांदूरमध्यमेश्वरचं नाव आपल्या कानावर येतं ते पावसाळ्यात, जायकवाडीकडे सोडलेल्या विसर्गाच्या बातम्यांत. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इथला बंधारा बांधला गेला तो कालव्यांनी कोपरगाव-राहात्याच्या शेतीला पाणी द्यायला. पाखरं कोणाच्या डोक्यातही नव्हती.

पण नदी नुसतं पाणी आणत नाही. वेग असतो तोवर ती वाळू-माती वाहून नेते. पाणी थबकलं की आधी जड वाळू बसते, मग बारीक गाळ. शंभर वर्षं दर पावसाळ्यात हेच झालं. जलाशय उथळ झाला, मध्ये बेटं वर आली, काठाला पाणकणीस माजलं. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा.

पाखरांचा हिशेब वेगळा. खोल धरणात ऊन तळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तिथे वनस्पती रुजत नाहीत. डोंगरातल्या धरणांचे काठही उभे असतात. उथळ पाण्यात तळाशी उजेड असतो, शेवाळ वाढतं, त्यावर गोगलगायी आणि किड्यांच्या अळ्या पोसल्या जातात. शिवाय हे सगळं चोचीच्या टप्प्यात.

मनोऱ्यावर वाट दाखवायला आलेल्या गावातल्या तरुणाला विचारलं, ‘‘दादा, इथं पाणी किती खोल असेल?’’ तो हसून म्हणाला, ‘‘तो शेकाट्या दिसतोय का? त्याचं पोट कोरडं आहे, म्हणजे वीतभर.’’ मग नजर तशीच फिरू लागली. शेकाट्याच्या अलीकडे, नुसत्या ओल्या चिखलात तुतवार. थोडं पुढे चमच्या, चोच अर्धवट उघडी ठेवून डावी-उजवीकडे फिरवणारा. भक्ष्य दिसायची तो वाट पाहत नाही, चोचीला स्पर्श झाला की मिटतो. त्यापुढे थापट्या बदकं एकमेकांच्या मागे गोल फिरत होती. त्यांच्या पायांनी पाणी ढवळून निघतं आणि वर आलेले सूक्ष्म जीव रुंद चोचीच्या कडेच्या बारीक दात्यांत गाळले जातात. तलवार बदक शेपूट आभाळाकडे करून लांब मानेने तळ चाचपतं. वारकरी थेट बुडी मारतात. जांभळी पाणकोंबडी मात्र काठाच्या पाणकणसातच रमलेली: एक देठ उपटला, पायाच्या लांब बोटांत मुठीसारखा धरला आणि सोलून आतला पांढरा गाभा खाल्ला.

एवढ्या जाती एकाच तळ्यावर फारशा न भांडता राहतात, त्यात खोलीतल्या या काही सेंटिमीटरांच्या फरकाचा वाटा मोठा. कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी उतरतं, काठ आत सरकतो आणि ताजा चिखल उघडा पडतो. चिखलपक्षी त्या काठामागोमाग सरकतात. वरच्या धरणांतून पाणी आलं की कालचा चिखल पुन्हा बुडतो. ज्या वेळापत्रकावर ऊस भिजतो, त्याच वेळापत्रकावर यांचं ताट वाढलं जातं.

१९८६ मध्ये हे अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. लोक याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. उपमा नकळत फारच चपखल बसली आहे, कारण भरतपूरची पाणथळही बांध घालूनच तयार झालेली.

तरी गाळाचे गोडवे किती गायचे? गाळ साचतच राहिला, तर आजच्या उथळ पाण्याची उद्या जमीन होईल आणि तिच्यावर बाभळी उगवतील. त्यात नदीतून येणाऱ्या सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद जलपर्णीला खतासारखं लागू पडतं. तिने पाणी झाकलं की खालचा उजेड गेला आणि त्याबरोबर अन्नही. दुसरीकडे ‘गाळमुक्त धरण’ ही घोषणा इथे जशीच्या तशी राबवली, तर पाखरांचा पाटच उचलला जाईल. खोदायचंच असेल तर बंधाऱ्याजवळ, कालव्याच्या तोंडाशी खोदावं, तेही पाहुणी बदकं परतल्यावर उन्हाळ्यात. बेटांना आणि काठाच्या मंद उताराला यंत्र लावू नये, असं माझं मत आहे.