शेजारच्या खोलीतली सुई
(लेखांक ९)

मागच्या आठवड्यात आपण फॅरेडेच्या लोखंडी कड्यापाशी थांबलो होतो. २९ ऑगस्ट १८३१ ला त्याने कड्यावरच्या एका वेटोळ्याला बॅटरी जोडली आणि दुसऱ्या वेटोळ्याकडची सुई हलली. हलली आणि जागेवर आली. बॅटरी काढली तेव्हा पुन्हा हलली. धारा नुसती वाहत होती तेव्हा मात्र सुई ढिम्म.

हा क्षण ज्याच्या हातून निसटला, त्याची गोष्ट मला जास्त आवडते. जिनिव्हाच्या कोलादाँने १८२५ मध्येच वेटोळ्यात चुंबक सरकवून पाहिला होता. चुंबकाने सुई ओढू नये म्हणून त्याने गॅल्व्हनोमीटर शेजारच्या खोलीत ठेवला. चुंबक सरकवायचा, मग चालत जाऊन सुई बघायची. तो पोचेपर्यंत सुई शून्यावर! घेतलेली काळजीच नडली.

प्रवर्तन शिकवायला मी केलेलं पहिलं ज्युपिटर नोटबुक असंच शेजारच्या खोलीतलं होतं. ५ व्होल्टची बॅटरी, २० ओहमचा रोध, १० मिलिहेन्रीचं वेटोळं. शून्य ते १ सेकंदाचा आलेख, त्यात १०० बिंदू. खाली वेटोळ्यासाठी छानसा स्लायडर. मुलं तो इकडून तिकडे ओढायची आणि पाव अँपिअरची आडवी रेघ जागची हलायची नाही. "सर, कॉइलने काहीच फरक पडत नाही," असं एकीने लिहून दिलं. आलेखापुरतं तिचं बरोबरच होतं.

या मंडलाचा कालांक, म्हणजे L भागिले R, निघतो अर्धा मिलिसेकंद. माझ्या दोन बिंदूंमधलं अंतर १० मिलिसेकंद, त्याच्या २० पट. पहिला बिंदू शून्यावर, अक्षाच्या रेघेत बुडालेला. दुसरा येईपर्यंत धारा चढून बसलेली. आता आडव्या अक्षावर सेकंद नाहीत, कालांकाची पट आहे, शून्य ते ५. एका कालांकात धारा ६३ टक्के चढते, हे डोळ्यांना दिसतं.

जुनी पायरी मी एका सेलमध्ये मुद्दाम ठेवली आहे. तिथे सूत्र न वापरता धारा टप्प्याटप्प्याने काढायची. १० मिलिसेकंदांची पायरी घेतली की दर टप्प्याला चूक १९ पट होते, चिन्हही उलटतं; सहाव्या टप्प्याला धारा उणे एक कोटी अँपिअरच्या पलीकडे! वर्ग हसतो, मग पायरी बारीक करायला लागतो. (सेल खालीवर चालवले तर जुनी किंमत आत राहून वेगळाच गोंधळ होतो. रीस्टार्ट करा, सगळं वरून चालवा, इतकंच.)

सगळ्यात उपयोगी पडलेली सुधारणा मात्र कागदावरची. स्लायडरला हात लावण्याआधी पेन्सिलीने अंदाज काढायचा. प्रश्न असा: धारा स्थिर झाल्यावर स्विच उघडला, तर स्विचवर किती व्होल्ट? बहुतेकांनी ५ लिहिलं, काहींनी शून्य. नोटबुकमध्ये उघडा स्विच म्हणजे १० हजार ओहमचा रोध. धारा त्या क्षणी पाव अँपिअरच राहणार, म्हणून २५०० व्होल्ट. "५ व्होल्टच्या बॅटरीतून?" मागच्या बाकावरून आवाज आला. खऱ्या स्विचमध्ये एवढ्यात ठिणगी उडालेली असते.

मी जुन्या ट्यूबलाइटचा चोक पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. स्टार्टरचा संपर्क सुटतो तेव्हा ट्यूब पेटवणारा झटका हाच देतो. ठिणगीतली ऊर्जा तोवर वेटोळ्यात कुठे होती, हे पुढच्या आठवड्यात.