चादरीवरची गोटी आणि वक्र अवकाश-काल

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत एक प्रयोग पुष्कळदा पाहावयास मिळतो. चौघे विद्यार्थी चादर ताणून धरतात, मधोमध वजनदार गोळा ठेवतात आणि कडेने एक गोटी सोडतात. गोटी वळत वळत गोळ्याकडे जाते. ग्रह सूर्याभोवती असेच फिरतात, असे सांगण्यात येते. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "पण गोटी खोलगट भागात उतरते, ती पृथ्वीच्या ओढीमुळेच ना?" त्याला गप्प बसविण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा, कारण शंका बिनतोड आहे. गुरुत्वाकर्षण समजावण्यासाठी येथे गुरुत्वाकर्षणाचाच आधार घेतलेला असतो.

याहून चांगले साधन म्हणजे वर्गातील पृथ्वीचा गोल. विषुववृत्तावरील दोन ठिकाणांहून दोन विमाने सरळ उत्तरेकडे निघाली, असे समजावे. आरंभी त्यांचे मार्ग समांतर असतात. कोणतेही विमान डावीउजवीकडे वळत नाही. तरीही त्यांच्यातील अंतर घटत जाते आणि उत्तर ध्रुवावर त्यांची गाठ पडते. त्यांना कोणी एकमेकांकडे ओढलेले नसते, पृष्ठभागच वक्र असतो. न्यूटन यांनी १६८७ मध्ये ज्या आकर्षणाचा नियम मांडला, त्याचा उलगडा आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये याच धर्तीवर केला. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ यांचे एकत्रित रूप वक्र होते आणि मोकळी सोडलेली वस्तू त्यातील सरळात सरळ मार्ग धरते.

चादरीच्या प्रयोगात काळ मात्र राहूनच जातो आणि नेमका तोच महत्त्वाचा आहे. हातातून सुटलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येतो. परंतु काळ प्रकाशाच्या वेगाने अंतरात मोजला, तर तोच एक सेकंद म्हणजे सुमारे ३ लाख किलोमीटरची वाटचाल होय. एवढ्या लांबच्या वाटेवर अत्यल्प वक्रताही प्रकट होते. झाडावरचे फळ खाली पडते ते मुख्यतः काळाच्या वक्रतेमुळे.

ही केवळ कल्पना नव्हे. जमिनीवरील घड्याळ उंचावरील घड्याळापेक्षा किंचित सावकाश चालते. जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे उंचीमुळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात व वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटरहून अधिक अंतर तोडतो. ही दुरुस्ती केली नाही, तर मोबाईलवर रस्ता शोधणाऱ्याची फसगतच व्हावयाची.

तथापि चादर अगदीच टाकाऊ नाही. सूर्याजवळून जाणारा प्रकाश १.७५ विकलांनी वळतो, असे आइन्स्टाइन यांचे गणित होते. त्यातील निम्मा भाग अवकाशाच्या वक्रतेचा. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणातील निरीक्षणांनी या गणिताला पुष्टी दिली.

हिंगोली जिल्ह्यातील शिक्षकांना तर हा विषय आता टाळता येणार नाही. औंढा परिसरात उभारावयाच्या 'लायगो-इंडिया' प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या, एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन भुजांच्या लांबीतील फरक हे यंत्र मोजणार आहे. अवकाश-कालातील तरंग जाताना हा फरक पडतो, आणि तो प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान असतो. अमेरिकेतील अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी असा तरंग प्रथम टिपला. दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेला तो तरंग सुमारे १३० कोटी वर्षे वाटेवर होता.