तिचं पान कुठाय?

नागपुरात बर्फ भेटतो तो गोळ्यात, नाहीतर उसाच्या रसात. तरीही एका शनिवारी प्रताप नगरच्या टपरीवर आमचं कडाक्याचं भांडण झालं, तेही लडाखच्या एका आइस हॉकी प्लेअरवरून...

शनिवारची सकाळ. बॉसचा फोन सायलेंटवर, हातात तर्री पोह्यांची प्लेट आणि समोर प्रताप नगर चौकातला तोच तो ट्रॅफिक. आयटी पार्क इथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे आठवड्याचे पाच दिवस एकमेकांची तोंडं बघून कंटाळलेली आमची गँग सहाव्या दिवशीही इथंच जमते. याला मैत्री म्हणा नाहीतर तर्रीचा प्रताप!

विषय अर्थातच दिव्या देशमुख. २०२५च्या जुलैमध्ये तिनं जॉर्जियात बाटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकरमध्ये हरवून महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, त्यासोबतच ग्रँडमास्टर झाली, आणि तेव्हापासून नागपुरातला प्रत्येक जण तिचा लांबचा नातेवाईक आहे. आमचा एक कलीग रात्री जेवण झाल्यावर मराठी विकिपीडियावर लेख लिहितो. लोक जिमला जातात, हा संदर्भ जोडतो. तो सांगत होता, दिव्यासारख्या प्लेअरचं पान बनवणं म्हणजे हातचा मळ. टायटल आहे, रेटिंग आहे, निकाल आहे, जगभरच्या पेपरांत बातम्या आहेत.

मी म्हटलं, ‘मग सोप्पं काय करून राहिला? त्या लडाखच्या आइस हॉकीवाल्या मुलींवर लिही ना. त्यांची गोलकीपर आहे, नूर जहाँ. तिच्यावर लिही.’

त्यानं पोह्यांवर अजून थोडी तर्री घेतली, आणि शांतपणे विचारलं, ‘ती उल्लेखनीय आहे का पण?’

झालं! पुढचा दीड तास गेला.

आता तुम्ही म्हणाल, ४५ डिग्रीत राहणाऱ्या मुलीला आइस हॉकीचा एवढा पुळका कशाला? खरं सांगते, मला त्या खेळाचे नियमही धड येत नाहीत. पण या मुलींची गोष्ट वाचली आणि डोक्यातून जाईचना. लडाखमध्ये तळी गोठतात ती हिवाळ्यातले जेमतेम दोनेक महिने. तेवढाच सीझन. त्यात आधी मुलं खेळणार, मग उरलेल्या वेळात मुली, अंगावर बरेचदा कोणाचं तरी उसनं पॅड नि हेल्मेट. गोठवलेल्या बर्फाची देशातली पहिली मोठी इनडोअर रिंक डेहराडूनला २०११च्या हिवाळी खेळांसाठी बांधली, आणि मग ती कित्येक वर्षं बंदच पडून राहिली. (२०२५मध्ये ती पुन्हा सुरू झाली.) अशा परिस्थितीत २०१६ साली भारताचा महिला संघ पहिल्यांदा इंटरनॅशनल स्पर्धेला गेला, तैवानला. एकही मॅच जिंकली नाही. जाण्यासाठी पैसे नव्हते म्हणून लोकांकडून वर्गणी गोळा करायची वेळ आली होती. पुढच्या वर्षी बँकॉकला याच मुलींनी फिलिपिन्सला ४-३ असं हरवलं. तो भारताचा पहिला विजय. आणि २०२५मध्ये यूएईत अल ऐन इथं झालेल्या एशिया कपमध्ये ब्राँझ!

नूर जहाँची गंमत तर वेगळीच आहे. ही बाई जुन्या भित्तिचित्रांचं आणि थांगकांचं जतन करणारी तज्ज्ञ आहे. लेहमध्ये एका सहकारी बाईसोबत तिनं त्यासाठी ‘शेसरिग’ नावाची संस्था काढली. म्हणजे एरवी शेकडो वर्षं जुन्या रंगांवरची धूळ हलक्या हातानं काढायची, आणि हिवाळा आला की गोलपोस्टसमोर उभं राहून सुसाट येणारा पक अंगावर घ्यायचा. आमच्यातल्या कोणाचा सीव्ही इतका इंटरेस्टिंग आहे, सांगा!

‘गोष्ट भारी आहे,’ कलीग म्हणाला. ‘पण भारी गोष्ट म्हणजे नोंद नाही.’

इथं त्याचा फंडा जरा नीट ऐकून घेतला पाहिजे, कारण तो मला वाटला तितका खडूस निघाला नाही. विकिपीडियाच्या भाषेत उल्लेखनीय म्हणजे महान नव्हे, चांगली नव्हे, कष्टाळू तर नव्हेच. प्रश्न एवढाच, की तिच्याशी काही घेणंदेणं नसलेल्या, भरवशाच्या माध्यमांनी तिच्याबद्दल सविस्तर लिहिलंय का? नुसतं टीमच्या यादीत नाव आलं तर ते चालत नाही. तिनं स्वतः दिलेली माहिती, तिच्या संघटनेचं पत्रक, स्पॉन्सरची जाहिरात... हे पण नाही. दुसऱ्या कोणीतरी, स्वतःहून, तिची दखल घेतलेली हवी.

‘आणि जागा काय तुझ्या बापाची लागते? कागद थोडीच आहे,’ मी.

‘कागद नाही, पण नजर लागते ना. जिवंत माणसाचं पान उघडं ठेवलं आणि त्यावर लक्ष ठेवायला कोणी नसलं, की उद्या कोणीही येऊन काहीही लिहून जातो. आणि दार सगळ्यांना उघडलं तर आपल्या कॉलनीतला प्रत्येक बिल्डर आणि प्रत्येक युवा नेता रांगेत उभा राहील. फोटोसकट.’

हे मात्र पटलं. प्रताप नगर ते खामला एवढ्या पट्ट्यात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जितके फ्लेक्स लागतात, तितकी पानं एका रात्रीत तयार झाली असती!

पण चाळणी सगळ्यांना सारखी लागते का, हा खरा प्रश्न. आइस हॉकीचंच बघा. इंग्रजी विकिपीडियावर खेळाडूंसाठी वेगळे निकष होते. पुरुषांच्या एनएचएलसारख्या टॉपच्या लीगमध्ये एक, फक्त एक, मॅच खेळलेला गडीसुद्धा नोंदीला पात्र धरला जायचा. बायकांचं काय? त्यांची आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी १९९८ला, नागानोमध्ये. नॉर्थ अमेरिकेतली सध्याची प्रोफेशनल लीग सुरू झाली जानेवारी २०२४ला. लीगच नसेल तर लीगमधली एक मॅच कुठून आणायची? कॅनडाची गोलकीपर मनाँ रेओम १९९२मध्ये एनएचएलच्या टीमकडून खेळणारी पहिली बाई ठरली, पण तो सीझनआधीचा सराव सामना होता. म्हणजे तिनं इतिहास घडवला तरी त्या नियमाच्या रकान्यात तिची ती मॅच बसत नव्हती. (तिला नोंद आहे, काळजी नको. तिच्यावर लिहिणारे भरपूर होते.) शेवटी २०२२मध्ये बरीच वादावादी होऊन ‘नुसता भाग घेतला’ या पायावरचे खेळांचे निकष काढून टाकले. आता गड्यालाही बातम्या दाखवाव्या लागतात.

तरीही बातम्या कोणाच्या छापून येतात, ते विकिपीडिया ठरवत नाही. ते पेपरवाले ठरवतात. डॉना स्ट्रिकलंड आठवते? कॅनडाची फिजिसिस्ट. मे २०१८मध्ये तिच्यावरचा कच्चा लेख पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला. ऑक्टोबरमध्ये तिला फिजिक्सचं नोबेल मिळालं आणि त्याच दिवशी पान तयार! बाई तीच, काम तेच, अनेक वर्षांपूर्वीचं. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांत बायकांचा वाटा आजही साधारण वीस टक्क्यांच्या आसपास आहे, तो काही कोणी ठरवून केलेला कट नाही. आधी बातमी नाही, म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून पुढच्या पत्रकाराला ती सापडत नाही. २०२१मध्ये बीबीसीनं यावर एक चांगला उपाय केला. तीनशेहून जास्त विद्यार्थी बसवले आणि पन्नास भारतीय महिला खेळाडूंची माहिती मराठीसह वेगवेगळ्या भाषांतल्या विकिपीडियावर टाकून घेतली. फोनवरून थेट त्या खेळाडूंनाच विचारून माहिती गोळा करावी लागली, कारण बऱ्याच जणींबद्दल आधी छापलेलं फारसं नव्हतंच.

जाता जाता, नागपूरकरांनी कॉलर ताठ करावी अशी एक गोष्ट. मराठीतला पहिला मोठा ज्ञानकोश उभा करणाऱ्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ते काम १९१६ साली सुरू केलं ते आपल्या नागपुरात. लिमिटेड कंपनी काढून! काम पुढे पुण्याला गेलं (जातंच) आणि २३ खंड निघाले. तिथं प्रत्येक पानाला शाई, कागद आणि वर्गणीदार लागत होता, म्हणून कोणाला घ्यायचं नि कोणाला गाळायचं हा प्रश्न पैशाचाही होता. आज तो पैशाचा उरलेला नाही. पण संपादकाच्या जागी आता माझ्यासमोर पोहे खाणारा हा प्राणी बसलाय, एवढाच फरक.

हे सगळं डोक्यात घेऊन मी घरी आले. घरी आत्या आलेली.

आमची आत्या सत्तरच्या दशकात नागपूर विद्यापीठाच्या टीममधून हॉकी खेळायची. साधी, गवतावरची हॉकी. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, पण जसं गच्चीत जुना कूलर आहे हे माहीत असतं तसं. मी तिला सकाळचं भांडण सांगितलं तर ती उठली, पर्समधून नाही, चक्क पोथीतून एक कात्रण काढून आणलं. चार ओळी. कुठल्याशा आंतरविद्यापीठ मॅचमध्ये विजयी गोल ‘कु. देशपांडे’ हिनं केला.

‘ही मी,’ आत्या म्हणाली.

बास, एवढंच. पहिलं नाव नाही, गाव नाही. आणि लग्नानंतर ती देशपांडे राहिली नाही, पहिलं नावही सासरी बदललं. म्हणजे उद्या कोणी शोधायला बसलं तर ती ‘कु. देशपांडे’ आणि ही आमची आत्या या दोन वेगळ्याच बाया! बुद्धिबळातल्या खाडिलकर बहिणी आठवा. वासंती १९७४मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय विजेती, रोहिणी १९८१मध्ये आशियाई विजेती. त्या तिघी बहिणी एवढ्या गाजल्या, की माहेरचं नाव टिकून राहिलं. मधल्या फळीतल्या बायांचं नाव मांडवातच हरवतं. पुरुषांच्या बाबतीत हा घोळ होतच नाही. बाबांची शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेची बातमीसुद्धा आजही बाबांचीच आहे.

रात्री कलीगला फोन केला. मी तयारीनिशी होते, पण भांडण झालंच नाही. नूर जहाँवर त्यानं दुपारीच शोधाशोध केली होती. देशातल्या पेपरांनी तिच्यावर स्वतंत्र लिहिलंय, खेळावर वेगळं आणि चित्रांच्या कामावर वेगळं. ‘घे, झाली तुझी उल्लेखनीय,’ म्हणाला. ‘पण टीममधल्या सगळ्याजणींची वेगवेगळी पानं नाही करणार. टीमचं एक मोठं पान करू, त्यात सगळ्यांची नावं, प्रत्येक स्पर्धा, प्रत्येक निकाल. ज्यांच्यावर पुढं लिहून येईल त्यांचं वेगळं काढू.’

मला सकाळी हे कंजूषपणाचं वाटलं असतं. आता वाटत नाही. दोन ओळींची वीस पानं, ज्यांच्याकडे पुन्हा कोणी बघणार नाही, त्यापेक्षा नीट लिहिलेलं एक पान बरं. फक्त त्यात आडनावाबरोबर पूर्ण नाव पाहिजे, एवढी अट मी घातली. त्यानं मानली.

मग मी हळूच आत्याचं विचारलं.

‘विद्यापीठ लेव्हल ना? नाही होणार,’ तो म्हणाला. जरा थांबून विचारलं, ‘कात्रण कुठल्या पेपरचं? तारीख?’

कात्रणावर दोन्ही नव्हतं. आत्यानं फक्त स्वतःच्या चार ओळी कापून घेतल्या होत्या, वरचं सगळं गेलं. मी तिला सांगितलं की त्याचं पान काही होणार नाही. ती म्हणाली, ‘मला काय करायचंय पानाचं? मॅच तर मीच जिंकवली ना.’ आणि वरणाला फोडणी द्यायला गेली.

पण पाच मिनिटांनी परत आली, हात पुसत. ‘ते मागून बघितलंस का?’

मागे लिबर्टी टॉकीजची अर्धी जाहिरात होती. पिक्चरच्या नावातलं ‘...का सिकंदर’ एवढंच कात्रीतून वाचलेलं. ‘मुकद्दर का सिकंदर’ लागला १९७८च्या दिवाळीच्या सुमारास. म्हणजे मॅच त्याच हिवाळ्यातली. बर्डीवरच्या एका जुन्या वाचनालयात तेव्हाच्या पेपरांच्या फायली आहेत असं आत्याच्या मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. तीही त्याच टीममधली. लेफ्ट आउट. तिचंही आडनाव बदललेलं.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघी जातोय. पोहे त्यानंतर.