पॉइंट ब्लँक

चोरांच्या आपापसांतील विश्वासघाताची व सूडाची कथा सांगणारा अमेरिकन रंगीत चित्रपट (१९६७). शीर्षकाचा अर्थ अगदी जवळून, नेम धरण्याचीही गरज न पडता झाडलेली गोळी असा आहे. दिग्दर्शक जॉन बोर्मन (जन्म १९३३) हा इंग्रज असून हॉलिवुडमधील हा त्याचा पहिलाच चित्रपट होय. मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेने तो प्रदर्शित केला. पटकथा अलेक्झांडर जेकब्स, डेव्हिड न्यूहाउस व रेफ न्यूहाउस यांची, छायालेखन फिलिप लॅथ्रॉपचे, संकलन हेन्री बर्मनचे आणि संगीत जॉनी मँडेलचे आहे. ली मार्व्हिन (१९२४–८७), अँजी डिकिन्सन, कीनन विन, जॉन व्हर्नन व कॅरल ओकॉनर यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. ‘नव-न्वार’ म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या चित्रपटप्रकारातील आरंभीच्या आणि सर्वांत प्रभावी कृतींत त्याची गणना होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये एकदम पाहावयास मिळालेल्या अमेरिकन गुन्हेपटांना नीनो फ्रांक या समीक्षकाने १९४६ मध्ये ‘फिल्म न्वार’ (काळा चित्रपट) असे नाव दिले. गडद छाया, ओले रस्ते, मोहात पाडून घात करणारी स्त्री आणि नियतीच्या जाळ्यात सापडलेला नायक ही त्या कृष्णधवल चित्रपटांची ठळक लक्षणे. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हा प्रवाह ओसरला. त्यातील निराशा व नैतिक संदिग्धता तशीच ठेवून रंग, मोकळी हिंसा आणि नवी निवेदनपद्धती यांच्या आधारे जे चित्रपट नंतर निघाले, त्यांना नव-न्वार म्हणतात. पॉइंट ब्लँक मध्ये सावल्यांची जागा लॉस अँजेल्सच्या प्रखर उन्हाने घेतली आहे; काचेच्या कचेऱ्या, सिमेंटचे कोरडे नाले आणि वापरलेल्या मोटारींचे बाजार यांतून त्याचा नायक हिंडतो. अंधार नाहीसा झाला, तरी लपण्याची आणि लपवण्याची सोय मात्र पूर्वीइतकीच राहिली आहे.

चित्रपटाचा आधार द हंटर (१९६२) ही कादंबरी होय. डॉनल्ड वेस्टलेक (१९३३–२००८) या लेखकाने ती ‘रिचर्ड स्टार्क’ या टोपणनावाने लिहिली. तिचा नायक पार्कर हा धंदेवाईक दरोडेखोर असून न्यूयॉर्क शहरात तो आपल्या लुटीचा वाटा वसूल करत फिरतो. मूळ हस्तलिखितात त्याला अखेर अटक होत असे. प्रकाशनसंस्थेच्या संपादकाने त्याला मोकळा ठेवण्याची सूचना केली आणि त्यातूनच पार्करच्या कादंबऱ्यांची दीर्घ मालिका जन्माला आली. मालिकेचा करार होत नाही तोवर पार्कर हे नाव पडद्यावर वापरू द्यावयाचे नाही, असा वेस्टलेकचा आग्रह असे. त्यामुळे या चित्रपटात नायकाचे नाव वॉकर झाले. वॉकर म्हणजे चालणारा. हा बदल अडचणीतून झाला असला, तरी तो चित्रपटाच्या पथ्यावर पडला आहे, कारण चालणे हीच या नायकाची मुख्य कृती आहे.

मॅल रीझ हा संघटित गुन्हेगारांच्या एका टोळीचा देणेकरी असतो. देणे फेडण्यासाठी तो जुना मित्र वॉकर याला गळ घालतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील आल्काट्राझ बेटावरच्या ओसाड तुरुंगात हेलिकॉप्टरने येणारी काळ्या धंद्याची रक्कम लुटण्याचा बेत ठरतो. लूट हाती येते. परंतु आपल्या एकट्याच्या वाट्यात देणे भागत नाही असे दिसताच रीझ वॉकरला एका कोठडीत गोळ्या घालतो आणि त्याची पत्नी लिन हिला घेऊन निघून जातो. वॉकर कसाबसा पाण्यात उतरतो. नंतर तो दिसतो, तो बेटाभोवती प्रवाशांना हिंडवणाऱ्या बोटीवर. या बेटावरून पोहून निसटणे किती अशक्य आहे, हे ध्वनिक्षेपकावरून सांगितले जात असते. शेजारी योस्ट नावाचा एक गृहस्थ उभा असतो. वॉकरला रीझ हवा आहे आणि आपल्याला ती टोळी हवी आहे, असे सांगून तो पत्ते पुरवू लागतो. वॉकरची मागणी एकच : त्याच्या वाट्याचे ९३,००० डॉलर.

या मागणीतच चित्रपटाचे मर्म आहे. चोराचे येणे चोराकडून वसूल करावयाचे, हा सूडकथेचा जुना साचा. पण रीझने ती रक्कम कधीच टोळीच्या हवाली केलेली असते आणि टोळी आता टोळी उरलेली नसते. ती एक व्यापारी संस्था झालेली असते. तिची कचेरी, सचिव, विमाने व धनादेश आहेत. एका अधिकाऱ्याने दुसऱ्याकडे बोट दाखवावे अशी तिची रचना आहे. कार्टर ब्रूस्टरकडे पाठवतो, ब्रूस्टर फेअरफॅक्सकडे. ब्रूस्टर त्रासलेल्या हिशेबनिसाच्या सुरात समजावतो, की एवढी रोकड आजकाल कोणाजवळच नसते. त्याला वॉकरचा राग येत नाही. असले मागणे त्याच्या व्यवहारात बसतच नाही. ज्याच्यावर सूड घ्यावयाचा तो माणूसच समोर न येणे, ही वॉकरची शोकांतिका. आणि ती बऱ्याच अंशी विनोदी अंगाने सांगितली आहे.

वॉकर इतका हिंस्र दिसतो, की तो कोणाचाच जीव घेत नाही हे प्रेक्षकाच्या सहसा ध्यानात येत नाही. घरात घुसून तो पिस्तूल रिते करतो ते रिकाम्या बिछान्यावर. लिन झोपेच्या गोळ्या घेऊन मरते, रीझ झटापटीत गच्चीवरून खाली पडतो, कार्टर व ब्रूस्टर भाडोत्री नेमबाजाच्या गोळीला बळी पडतात. कादंबरीतील पार्कर मॅलचा स्वतःच्या हातांनी गळा आवळतो व संघटनेला पैसे मोजावयास लावतो. त्या तुलनेत हा फरक मोठा आहे. अखेर योस्ट हाच फेअरफॅक्स असल्याचे उघड होते : प्रतिस्पर्धी भागीदारांचा काटा काढण्यासाठी त्याने वॉकरचा सूड वापरून घेतलेला असतो. तो वॉकरला नोकरी देऊ करतो आणि पैसेही समोर ठेवतो. वॉकर उत्तर देत नाही, पुढे येत नाही. अंधारात मागे सरतो. आल्काट्राझवरून तो खरोखरच निसटला होता, की मधला सारा प्रकार मरणाऱ्या माणसाच्या मनातील आहे, हा प्रश्न बोर्मनने खुला ठेवला आहे. लिनच्या मृत्यूनंतर तिचे घर एकाएकी सामानासकट रिकामे दिसते, यांसारख्या जागा दुसऱ्या अर्थाला बळ देतात.

निवेदन सरळ कालक्रमाने जात नाही. आलँ रेनेसारख्या फ्रेंच दिग्दर्शकांनी रूढ केलेली स्मृतींच्या तुकड्यांची रीत बोर्मनने गुन्हेपटात आणली. विमानतळाच्या लांबलचक मार्गिकेतून वॉकर चालत येतो ते दृश्य प्रसिद्ध आहे. त्याच्या बुटांचा आवाज तो नजरेआड झाल्यावरही चालू राहतो आणि लिनच्या दिनक्रमाच्या चित्रांवर, दार फुटेपर्यंत, आदळत राहतो. त्यानंतरच्या भेटीत वॉकर एकही प्रश्न विचारत नाही. लिन मात्र न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत जाते. मूळ संवादांतील आपली वाक्ये गाळण्याची कल्पना मार्व्हिनची होती. रंगांची योजनाही अशीच काटेकोर आहे. प्रत्येक प्रसंगाला एका रंगाची छटा असून आरंभीच्या थंड करड्या रंगांकडून चित्रपट उष्ण रंगांकडे सरकतो. कचेरीतील एका प्रसंगात भिंती, सामान व पोशाख सारेच हिरव्या छटांत आहे. त्यावर चित्रसंस्थेतूनच आक्षेप घेतला गेला होता. क्रिस (लिनची बहीण) वॉकरला दोन्ही हातांनी मारत सुटते व दमून कोसळते, तो मात्र जागचा हलत नाही. या प्रसंगात प्रेमकथेची शक्यता जितकी दिसते तितकीच ती संपतेही.

असा चित्रपट मोठ्या संस्थेत निघू शकला, याचे श्रेय मार्व्हिनला आहे. कॅट बलू (१९६५) मधील भूमिकेसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाल्याने पटकथा व नटसंच यांना संमती देण्याचा अधिकार करारानुसार त्याच्याकडे आला होता. तो त्याने चित्रसंस्थेच्या प्रमुखांसमोर बोर्मनच्या हवाली केला. एकच लहानसा चित्रपट नावावर असलेल्या परदेशी दिग्दर्शकावर इतका विश्वास टाकणे ही त्या व्यवसायात दुर्मीळ गोष्ट होय. मार्व्हिन १९४४ मध्ये सायपानच्या लढाईत जखमी झालेला सैनिक होता. मृत्यूच्या दारातून परतलेल्या, भावना गोठलेल्या माणसाचे त्याने केलेले चित्रण त्या अनुभवाशी जोडले जाते. चित्रण आल्काट्राझवर प्रत्यक्ष झाले. तेथील तुरुंग १९६३ मध्ये बंद झाल्यानंतर त्या जागी चित्रित झालेला हा पहिला मोठा चित्रपट. पुढे संस्थेतील अधिकाऱ्यांनी संकलनात फेरफार सुचवले, तेव्हा तेथील ज्येष्ठ संकलिका मार्गारेट बूथ बोर्मनच्या बाजूने उभी राहिली.

प्रदर्शनाच्या वेळी त्याचे स्वागत संमिश्र झाले. हिंसेबद्दल नापसंती आणि शैलीबद्दल गोंधळ असे दोन्ही सूर उमटले. त्याच वर्षीच्या बॉनी अँड क्लाइड भोवती उठलेल्या वादात तो काहीसा झाकोळला गेला. त्याचा दर्जा नंतरच्या पिढीने ओळखला. स्टीव्हन सोडरबर्गचा द लाइमी (१९९९) त्याचे ऋण उघडपणे मिरवतो. २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. बोर्मन व मार्व्हिन यांनी पुढच्याच वर्षी हेल इन द पॅसिफिक (१९६८) हा चित्रपट एकत्र केला.

द हंटर वर आणखीही चित्रपट निघाले. हाँगकाँगच्या रिंगो लॅमचा फुल काँटॅक्ट (१९९२) तिचा सैल आधार घेतो. मेल गिब्सनची भूमिका असलेल्या पेबॅक (१९९९) मध्ये नायक पोर्टर ७०,००० डॉलरसाठी झगडतो. दिग्दर्शक ब्रायन हेल्गेलँडच्या मूळ कृतीचा बराच भाग त्याला बाजूला सारून पुन्हा चित्रित करण्यात आला आणि त्याची स्वतःची, अधिक रुक्ष व संदिग्ध शेवटाची प्रत नंतर वेगळी प्रकाशात आली. दोन्ही प्रती पाहिल्यास बोर्मनच्या वाट्याला आलेल्या स्वातंत्र्याची किंमत कळते. वेस्टलेकच्या अन्य कादंबऱ्यांवरील द स्प्लिट (१९६८) व द आउटफिट (१९७३) या चित्रपटांतही नायकाची नावे बदललेलीच होती. पार्कर हे नाव इंग्रजी पडद्यावर आले ते लेखकाच्या मृत्यूनंतर, २०१३ मध्ये.